ओलेस्याची पाठवणी

आमच्याकडे लग्नात नव्या जोडप्याला आणखी एक आईबाप मिळतात. चर्चमध्ये ते जोडप्याच्या मागे मेणबत्त्या धरून उभे राहतात, जेवणं झाली की नवरीच्या डोक्यावरची जाळी उतरवून तिला बाईमाणसाचा रुमाल बांधतात, आणि त्यानंतर त्या घरातलं प्रत्येक भांडण त्यांच्या दाराशी येतं. पुरुषाला ननाश म्हणायचं, बाईला ननाशा. माझे सासरे निकिफोर आणि सासूबाई तेक्ला यांना आमच्या गावात जितकी मागणी होती तितकी दुसऱ्या कुणाला नव्हती. मुलगी ठरायच्या आधी लोक त्यांना धरून ठेवायचे. कारण एकच होतं. सासूबाईंनी लावलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं.

मी या घरात सून म्हणून आले ती रेऊत नदीच्या पलीकडच्या गावातून. माझा नवरा सांदू मॉस्कोत इमारतींवर काम करतो. मोल्दोव्हातल्या आमच्या भागात धडधाकट पुरुष एक तर तिकडे असतो, नाही तर तिकडून परत आलेला असतो. आमची मुलगी जिल्ह्याच्या शाळेत, तिथेच राहते. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि सासूबाईंचं काम मी अगदी जवळून पाहिलं.

कुणाची तरी सून रडत फाटकातून आत यायची. सासूबाई काही विचारायच्या नाहीत. तिला चुलीपाशी बसवायच्या, कोंबडीचं आंबट सूप वाढायच्या, ओल्या फडक्याने तोंड पुसायच्या. मग बोलायला लागायच्या, अगदी हळू आवाजात. तो दमतो गं. त्याच्या हाताला काम नाही. पुरुषाला घरात मान लागतो, तू दोन शब्द कमी बोल. लेकरांकडे बघ. मग तिचा रुमाल सोडून नीट बांधायच्या, चीज भरलेल्या गरम पोळ्या फडक्यात गुंडाळायच्या आणि तिचा कोपरा धरून तिला घेऊन निघायच्या. मागच्या वाटेने नाही. मोठ्या रस्त्याने, भर उजेडात, दुकानावरून, म्हणजे सगळ्यांना दिसावं की ननाशा तिला घरी पोचवते आहे आणि प्रकरण मिटलं आहे. नवरा फाटकाशी टोपी काढून उभा असायचा. एकेक पेला वाइन व्हायची. सासूबाई परत यायच्या आणि पाय गरम पाण्यात घालून बसायच्या.

ओलेस्याला त्यांनी असं दोनदा पोचवलं होतं.

ओलेस्या आमच्याच गावच्या वरच्या आळीतली. बाप लहानपणी गेला, आई इटलीत एका आजारी म्हातारीची सेवा करते. घरी भाऊ तुदोर आणि त्याची बायको. ओलेस्या दुकानात माल विकायची आणि गिऱ्हाइकाशी बोलताना हसायची. तिचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याने, गेनादीने, तिला काम सोडायला लावलं. म्हणाला, माझी बायको कुणाकुणाला दात दाखवत बसणार नाही. तेव्हा बायकांना ते कौतुकाचं वाटलं होतं. केवढा जीव आहे त्याचा, असं म्हणाल्या होत्या.

गेनादी वाईट माणूस आहे असं गावात कुणीही म्हटलं नसतं. कुणाचा पाण्याचा पंप बिघडला तर तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. लग्नात त्याच्यासारखं नाचणारं कुणी नव्हतं. मॉस्कोत पाठीवर सिमेंटच्या गोण्या वाहून त्याचा मणका गेला, तो परत आला, आणि मग आईच्या घरात, आईच्या पेन्शनीवर बसून प्यायला लागला. पहिल्यांदा ओलेस्या आली तेव्हा तिची मुलगी इलिंका अंगावर पीत होती. दुसऱ्यांदा भर उन्हाळ्यात आली, रुमाल भुवयांपर्यंत ओढून. दोन्ही वेळा सासूबाईंनी सूप वाढलं, रुमाल बांधला आणि तिला मोठ्या रस्त्याने परत नेलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा द्राक्षांचा हंगाम होता. अंगणात मी आणि सासूबाई अक्रोड फोडत बसलो होतो. ती फाटकातून नाही आली, मागच्या मक्याच्या शेतातून आली. उजव्या हातात डावा हात धरलेला, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळून आणते आहे. इलिंका तिच्या परकराला धरून होती. पोरगी आली तशी आमच्या टोपलीपाशी बसली आणि अक्रोडाचे गर वेगळे करायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई उठल्या. सूप गरम केलं. फडकं ओलं केलं. तिचा रुमाल सोडला आणि तिथेच थांबल्या. कानाच्या वर पैशाएवढ्या जागेत केसच नव्हते. मुळापासून उपटलेले.

सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं. "काय झालं होतं?"

"काही झालं नव्हतं, ननाशा. तेच तर." ओलेस्या रडत नव्हती. "तो वाइनसाठी द्राक्षं पिळत होता. मी खाली बादली धरली होती. म्हणाला, हसतेस कशाला. मी हसत नव्हते. ऊन डोळ्यांत येत होतं, म्हणून डोळे बारीक केले होते."

"मग इकडे सरळ का नाही आलीस?"

"आधी पोलिसाकडे गेले. तो म्हणाला, तक्रार लिही, त्याला दंड होईल, पण दंड जाणार तुझ्याच घरातून, पोरीच्या तोंडातून. त्यापेक्षा त्याला झोपू दे, उद्या माणसात येईल. मग फादरकडे गेले. ते म्हणाले, प्रार्थना कर आणि ननाशाकडे जा." तिने सूपाचे दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि एका हाताने रुमाल डोक्यावर ओढायला लागली. "चला, ननाशा. पोहोचवता ना मला? उशीर झाला तर जास्त चिडेल."

सासूबाईंच्या हातात पोळ्यांचं फडकं होतं. त्यांनी त्या पोळ्या कधी काढल्या ते मलाही दिसलं नव्हतं. हातांना सवयच झाली होती. त्या ओलेस्याकडे बघत राहिल्या. ती स्वतःच उभी राहिली होती, स्वतःच रुमाल बांधत होती, एका हाताने गाठ बसत नव्हती म्हणून दातात धरत होती. तिला आता समजावायची गरजच उरली नव्हती.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"ननाशा?"

"बस म्हटलं ना. मार्चेला, शेजाऱ्याला सांग गाडी काढ म्हणून. हिचा हात मोडलाय."

मार्चेला म्हणजे मी. जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टराने प्लास्टर घातलं आणि विचारलं, कशाने मोडला. ओलेस्या म्हणाली, तळघराच्या पायऱ्यांवरून पडले. तो लिहायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याने मोडलाय. तसं लिहा." डॉक्टराने ओलेस्याकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "हो. तसंच लिहा."

आम्ही परत आलो तोवर सासऱ्यांनी त्यांच्या बाजूने सगळं आवरलं होतं. ते गेनादीकडे जाऊन आले होते, त्याला झापलं होतं, म्हणजे त्याच्याबरोबर नवी वाइन चाखून बघितली होती, आणि उद्या दुपारी येऊन बायकोला घेऊन जा असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. गेनादी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. त्याची आई अगाफिया भरलेल्या कोबीच्या पानांचं भांडं घेऊन. ओलेस्याचा भाऊ तुदोर. सासऱ्यांनी तळघरातून सुरई आणली, सगळ्यांना बसवलं. ओलेस्या खिडकीपाशी बसली, गळ्यात अडकवलेला हात मांडीवर. इलिंका तिच्या पायाशी.

"बरं," सासरे म्हणाले. "एका छपराखाली राहायचं म्हणजे होतं कधी कधी असं. गेनादी, बोल."

"मी चुकलो, ननाश. कबूल." गेनादीचे डोळे खरंच भरले होते. "प्यायलो होतो. पण तिलाही विचारा. मी घरात शिरलो की ती माझ्याकडे अशी बघते जणू मी तिथे नाहीच. पाठ गेली माझी. काम नाही. माझ्याहून लहान पोरं गाड्या घेऊन येतात. आणि मी आईच्या पेन्शनीवर. मग बायकोनेही तसंच बघायचं?"

"ऐकलंस, ओलेस्या?" सासरे म्हणाले. "त्याचंही काही दुखतंय."

तुदोरने पेला खाली ठेवला. "मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाईटपणा नको. माझ्याकडे जागा नाही. बायको म्हणते, एका चुलीवर दोघी नकोत. आईला फोन केला होता. आई म्हणाली, मी इथे परक्या म्हातारीचं गू-मूत काढून तिचं लग्न लावलं, सगळ्या गावाला जेवण घातलं, आता मला तोंड दाखवायला जागा ठेवू दे."

"आई असं म्हणाली?" ओलेस्याने विचारलं.

"रडत होती. पण म्हणाली."

अगाफिया आपल्या भांड्याचं झाकण काढत होती, परत लावत होती. "आजकालच्या मुलींना काही सहनच होत नाही," ती म्हणाली. "मला नाही मारलं माझ्या नवऱ्याने, मित्रोफानने? कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. बर्फात बाहेर काढलं. मी कुणाच्या दाराशी गेले? दात पडला तर म्हटलं, गाईने लाथ मारली. माझं घर मोडलं नाही."

"नाही मोडलं," सासरे म्हणाले. "त्याला म्हणतात बाई. चला, आता..."

"ती जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या दाराशी उभ्या होत्या, टेबलाशी बसल्याच नव्हत्या. सासऱ्यांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"इथे राहील. मागच्या खोलीत."

"तेक्ला, मी माणसाला बोलावलंय. शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी नाही दिला. आपण सगळे इतकी वर्षं हिच्याशी बोलतोय. हिला सांगतोय कसं बोल, कसं बघ, कसं हस. मी तर आख्ख्या गावातल्या बायकांना सांगत आले. त्याला कुणी काय सांगितलं?"

"तो चुकलो म्हणाला ना."

"तुझी वाइन पिऊन म्हणाला."

गेनादी खाली बघत होता. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत बायकोने असं बोलावं, हे त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. "कुणाच्या घरात राहणार आहे ती?"

"माझ्या."

"तुझ्या? या घराची एकेक वीट मी रचली आहे."

"तू रचलीस. त्या विटांचा चिखल मी तुडवला. सांदू पोटात होता तेव्हा."

सासरे उठले आणि त्यांनी हात उगारला.

मी या घरात इतकी वर्षं राहिले, त्यांना कधी माशी मारताना सुद्धा रागावलेलं पाहिलं नव्हतं. मला ते खरं वाटेना. पण मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत, डोळेही मिटले नाहीत, फक्त त्यांचा डावा खांदा आपोआप वर गेला, कानापर्यंत. तो खांदा काय करायचं ते जाणत होता. मग मला कळलं की मी या घरात यायच्या आधी इथे काय काय होऊन गेलं असेल.

खालून कापड घासल्यासारखा आवाज आला. इलिंका टेबलाखाली गेली होती. रडली नाही, ओरडली नाही. गुडघे पोटाशी घेऊन, टेबलाच्या पायाला पाठ लावून बसली, सराईतासारखी.

अगाफियाने वाकून पाहिलं. ती काही विचार करून बोलली नाही, तोंडातून निघून गेलं. "गेनादी पण असाच बसायचा. अगदी असाच."

"आई, गप्प बस," गेनादी म्हणाला. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, खुर्ची मागे ढकलली आणि टोपी न घेताच बाहेर पडला. अगाफिया भांडं तिथेच ठेवून त्याच्या मागे धावली. तुदोरने उरलेला पेला संपवला, बहिणीला म्हणाला, "बघ बाई तूच," आणि तोही गेला.

सासऱ्यांचा हात अजून हवेत होता. त्यांनी तो खाली घेतला, जणू आत्ताच कळलं की तो त्यांचाच आहे. त्या संध्याकाळी त्यांनी आपली गादी उचलली आणि अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेली. सबंध हिवाळा तिथेच काढला. त्यांचं जेवण मी नेऊन द्यायची. बाहेर लोकांना सांगायचे, "घरात बायकांचं राज्य आलंय, मी सरहद्दीवर राहतो." पण आत बसून एकटेच विस्तवाकडे बघत असायचे.

गावाने आम्हाला सोडलं नाही. मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. हंगामानंतर ज्यांचं लग्न सासूबाई लावणार होत्या, त्यांनी दुसरे ननाश शोधले. मुलाची आई सांगायला आली तेव्हा उंबऱ्याच्या आतही आली नाही. फादरनी रविवारी कुटुंबावर बोलताना आमच्या बाजूला पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. सासूबाई प्रार्थना संपेपर्यंत उभ्या राहिल्या, मेणबत्ती लावली आणि माझा हात धरून मोठ्या रस्त्याने घरी आल्या.

सांदूचा फोन आला. "आईला काय झालंय? इथे आपल्या गावचे सगळे माझी थट्टा करतायत."

"करू देत."

"तूही तिच्याच बाजूला?"

"मी घरात आहे, सांदू. तू नाहीस."

मागून यंत्रांचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "बाबांनी खरंच हात उचलला?"

"उचलला. मारलं नाही."

"मला वाटलं होतं ते थांबलंय," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तू लहान असताना कुठे बसायचास. तो म्हणाला, "राहू दे ना आता." मीही राहू दिलं.

जिल्ह्याच्या कोर्टात एका वकीलबाईने ओलेस्याचा अर्ज चालवला. सासूबाई साक्षीला गेल्या. ननाशा आपल्याच धर्मपुत्राविरुद्ध उभी राहिली, असं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. गेनादीने तिच्यापासून लांब राहायचं, असा हुकूम झाला. तो लांब राहिलाही. नाताळानंतर मात्र फाटकाबाहेर येऊन उभा राहायला लागला. दारू न पिता. हातात इलिंकासाठी बाहुली. आत येत नसे, हाक मारत नसे, नुसता बर्फात उभा. ओलेस्या पडद्याआडून बघायची. एक दिवस तिने बोचकं बांधलं.

मला वाटलं सासूबाई अडवतील. त्यांनी अडवलं नाही. म्हणाल्या, "जा. फक्त मी पोचवायला येणार नाही. तुझ्या पायांनी जा. परत यावंसं वाटलं तर तुझ्या पायांनी ये, फाटकाला कडी नाही."

ती गेल्यावर त्या चुलीपाशी बसून राहिल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर ती थांबली असती."

"माझ्याच शब्दावर ती दोनदा परत गेली होती," त्या म्हणाल्या. "आता तिचं ती ठरवू दे."

गाव खूश झालं. बघा, म्हणाले, उगाच दोन घरांची शोभा. बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला होता तेव्हा ओलेस्या परत आली. या वेळी पुढच्या फाटकातून, इलिंकाचा हात धरून, सामान घेऊन. अंगावर ओरखडा नव्हता.

"मारलं?" मी विचारलं.

"नाही. रागावलाही नाही. नुसतं विचारलं, हसतेस कशाला." ती बाकावर बसली आणि बूट काढायला लागली. "मी हसतच होते, मार्चेला. इलिंका काहीतरी बोलली म्हणून. आणि त्याने विचारल्याबरोबर मी थांबले. तो बघत होता आणि मी लगेच थांबले. मग माझ्या लक्षात आलं, मी इथून पुढे अशीच थांबणार."

वकीलबाईच्या ओळखीने तिला जिल्ह्याच्या गावी एका बेकरीत काम मिळालं. तिथेच दुसऱ्या एका बाईबरोबर खोली घेतली. घटस्फोटाचा अर्ज केला. तिच्या आईचा इटलीहून फोन आला तो थेट सासूबाईंना. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण सासूबाई फक्त "हं" म्हणत होत्या आणि पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. हात बरा झाला, मात्र पाऊस येणार असला की मनगट ठणकतं असं ओलेस्या सांगते.

गोष्ट इथे संपली असती. पण ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे मेलेल्यांचा ईस्टर असतो. सगळं गाव कबरस्तानात जातं, आपापल्या माणसांच्या कबरींवर चादर अंथरून जेवण मांडतं, रंगवलेली अंडी आणि गोड पाव वाटतं. आम्ही सासऱ्यांच्या आईवडिलांच्या कबरीपाशी बसलो होतो. गादी बाहेर नेल्यापासून सासरे आमच्याबरोबर जेवायला बसण्याची ती पहिलीच वेळ होती, तीही मेलेल्यांमुळे.

पलीकडे अगाफिया मित्रोफानच्या कबरीजवळ एकटीच होती. सासूबाई मेलेल्यांच्या नावाने द्यायचा मेणबत्ती लावलेला पाव आणि टॉवेल घेऊन तिच्याकडे गेल्या, मी सोबत. गेल्या वर्षीच्या त्या दुपारनंतर दोघी बोलल्या नव्हत्या. अगाफियाने पाव घ्यायला हात पुढे केला आणि बाही मागे सरकली. मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते.

सासूबाई तिच्या शेजारी गवतावर बसल्या.

"ओलेस्या गेली," अगाफिया म्हणाली. ती मित्रोफानच्या कबरीवर थोडी वाइन ओतत होती, रीतीप्रमाणे. "घरात आता दुसरं कोण आहे त्याला?"

"आमच्याकडे चल."

"तू माझी ननाशा नाहीस, तेक्ला."

"नसू दे."

"लोक काय म्हणतील? मुलगा आईला..." ती थांबली. "नवऱ्याचं सांगता येतं. मुलाचं कसं सांगू?"

तिचा आवाज लहान होता, पण कबरी जवळजवळ होत्या. सासऱ्यांनी ऐकलं. ते अर्धं सोललेलं अंडं चादरीवर ठेवून उठले, गुडघ्यांवरची माती झटकली, टोपी घातली. सासूबाईंना वाटलं ते रागावून घरी निघाले. पण ते फाटकाच्या बाजूला गेले, जिथे गेनादी आणखी काही पुरुषांबरोबर उभ्याने पीत होता.

आम्हाला लांबून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सासरे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले. बोलायला लागले. एकदोघांनी हसून त्यांना पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग बाकीचे पुरुष हळूहळू बाजूला झाले, आणि ते दोघेच राहिले. गेनादी आधी काहीतरी उलट बोलला. मग त्याने आमच्याकडे, आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सासरे बराच वेळ बोलत होते. ते एवढं कधी बोलत नाहीत.

परत आले तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन पेला परत सासूबाईंच्या हातात दिला.

"काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"त्याला जे सांगायचं ते सांगितलं. थोडं माझ्याबद्दलही सांगितलं." ते सासूबाईंकडे बघत नव्हते. "ऐकून घेतलं त्याने. सुधारेल की नाही, मला माहीत नाही." मग अगाफियाकडे वळले. "तुझ्या घरून काय काय आणायचं ते सांग. मी जातो आणायला. तू येऊ नकोस."

"काही नको," अगाफिया म्हणाली. तिने भांडीकुंडी टोपलीत भरली, रुमाल सारखा केला, आणि जरा वेळाने म्हणाली, "कोंबड्या तेवढ्या आहेत."

"कोंबड्याही आणतो," सासरे म्हणाले, आणि टोपी सारखी करत उताराने निघाले.